गिरजाबाईला सांगून आले, शकूताई

शकूताई,

तुला पोचवून आम्ही परत आलो, तेव्हा तुझ्या घरापुढे शेजाऱ्यांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. पांढऱ्या साडीतली तुझी भाची मनीषा एका खुर्चीवर बसून फोन करत होती. नागपूरचे नातेवाईक, पुण्याचा पुतण्या, अकोल्याच्या बसस्टँडवरचे तुझे जुने सोबती. एकाला सांगून झालं की डोळे पुसायचे आणि पुढचा नंबर लावायचा. शेवटी तिनं मला विचारलं, "अजून कोनी राह्यलं का वं ताई सांगाचं?"

मी नाही म्हणून मान हलवली. पण एक जण राहिली होती. तिला असा फोन लावता येत नाही. ती अमरावतीच्या तुरुंगात आहे, आणि येत्या बुधवारी ती केस विंचरून तुझी वाट बघत बसणार होती. बुधवारी येतो, असं तूच तिला सांगून ठेवलं होतंस.

तुझ्या जाण्याचं दुःख मग झालं. आधी मी नुसती घाबरले. गिरजाबाईला कोण सांगणार?

तुझी-माझी ओळख तुझ्या आवाजानं करून दिली. मी अकोल्याहून अमरावतीला परत निघाले होते. स्टँडवर तोबा गर्दी, गाडीचा पत्ता नाही. तेवढ्यात भोंग्यातून तू बोललीस, "अमरावतीची गाडी अजून लागलेली नाही. लागली की मीच सांगीन. खिडकीपाशी येऊन विचारल्यानं गाडी लवकर येत नाही, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." सगळे हसले. मी तरीही खिडकीपाशी आले. तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंस.

"गाडीचं नाही विचारायचं," मी म्हटलं. "तुमचा आवाज फार छान आहे."

"मंग तिकडं बसून ऐका ना."

तुझी निवृत्ती जवळ आली होती. मी अमरावतीला कॉलेजात शिकवते, विद्यार्थ्यांना घेऊन छोटे सिनेमे करते, हे सगळं मी तुला खिडकीच्या गजांतून सांगितलं. मागे रांग वाढत होती. मी एक गोष्ट लिहून ठेवली होती: तुरुंगातली एक म्हातारी बाई, जिला भेटायला वर्षानुवर्षं कोणी येत नाही, आणि तिच्या शेजारी नवी आलेली एक पोरगी. म्हातारीचं काम तू करशील का, असं विचारलं. तू म्हणालीस, "मी शाळेतसुद्धा नाटकात नवती. पन घरी बसून तरी काय करनार हावो." आणि मी दुसऱ्यांदा 'तुम्ही' म्हणाले तेव्हा तू हात जोडलेस. "तुमी-तुमी काय करून राह्यली वं, मी का कलेक्टर आहो?"

त्या दिवसापासून तू 'तू' झालीस.

नंतर कागद हातात पडले आणि तुला कळलं की त्या म्हातारीला बोलणंच नाही. तू फोन करून तासभर भांडलीस. "आवाजासाठी घेतलं अन् तोंडच बंद केलं माहं!" मी म्हटलं, बोलता येणारी बाई गप्प बसली की ते दिसतं. तुला ते पटलं नाही. पटलं नाही तरी तू आलीस. मीही तेव्हा हे कुठंतरी ऐकलेलं म्हणून टाकलं होतं. खरं म्हणजे मला संवाद लिहिता येत नाहीत.

शूटिंग कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात केलं. अकोल्याचा मे महिना, वर पत्रे. पोरांनी भिंतींना राखाडी रंग दिला, लाकडाचे गज बसवले. तू केसांना कलप लावायचीस, तो मी बंद करायला सांगितला. दोन महिने तू कलप लावला नाहीस, आणि त्याबद्दल मला एकही दिवस विसरू दिलं नाहीस. बसमध्ये एका पोरीनं तुला उठून जागा दिली, तर तू संध्याकाळी फोन करून मलाच रागावलीस.

आपलं खरं भांडण शेवटाचं होतं. गोष्ट अशी: मुलाखतीच्या, म्हणजे भेटीच्या, दिवशी शिपाईबाई नावं पुकारते. म्हातारीचं नाव कधीच येत नाही, पोरीचं दर वेळी येतं. तिची आई येते. मग आई येणं बंद होतं. त्या दिवशी सगळ्या बायका भेटीच्या जाळीकडे निघून जातात आणि बराकीत त्या दोघीच उरतात. माझ्या कागदावर लिहिलं होतं, म्हातारी पोरीला जवळ घेते, दोघी रडतात.

"हे नाही होनार," तू म्हणालीस.

"का नाही?"

"इतक्या वर्सात तिले कोनी हात नाही लावला. ते एकदम कशी गळ्यात घेईन? ते फक्त सरकंन. आपल्या चादरीवर जागा करून देईन. तेवढंच."

"लोकांना समजणार नाही, ताई."

"लोकाइले गाडीचा बोर्ड वाचता येत नाही, हे मले मान्य आहे. पन हे समजते."

दोन्ही घेतले. एकदा मिठी, एकदा नुसतं सरकणं. मिठी मारताना तू इतकी अवघडलीस की माझी विद्यार्थिनी प्राजक्ता, जी ती पोरगी झाली होती, तुझ्या खांद्यावर हसायला लागली. तुझ्या साडीत तोंड लपवलं तिनं, म्हणून ते रडण्यासारखं दिसतं. आणि मी तोच शेवट ठेवला. सिनेमा माझा होता.

तू कधी म्हणाली नाहीस की वाईट वाटलं. फक्त कोणालाही सिनेमा दाखवताना शेवटच्या मिनिटाला उठून पाणी प्यायला जायचीस.

नंतर अर्ज-विनंत्या करून आपल्याला तो अमरावतीच्या तुरुंगात दाखवायची परवानगी मिळाली, फक्त बायकांच्या विभागात. तू गोंदणासारख्या बारीक नक्षीची नवी साडी नेसून आलीस, केस पुन्हा काळेभोर. एका लांबट खोलीत पांढरा पडदा लावला होता, बायका सतरंजीवर दाटीनं बसल्या होत्या. आपण दोघी मागे भिंतीला टेकून उभ्या. मिठीचा प्रसंग आला आणि पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "असं कोनी गळ्यात पडत नाही बापा इथं."

तू माझ्या हाताला कोपर मारलंस. तुझा चेहरा असा फुलला होता की मला हसूच आलं.

पण तेवढ्यात दुसरी एक जण बोलली. "नसंन पडत. म्हनून तं पिक्चरमधे पाहावं."

मग सगळ्याच बोलायला लागल्या. अर्ध्या तुझ्या बाजूनं, अर्ध्या माझ्या. शिपाईबाईंनी दोनदा दटावलं तरी थांबेनात. सिनेमापेक्षा ते भांडण जास्त वेळ चाललं. मी आजवर कितीतरी ठिकाणी सिनेमे दाखवलेत, कोणी माझ्या शेवटासाठी इतकं भांडलं नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ताई. तू तुझा हट्ट धरला नसतास तर मला त्या भांडणात काही कळलंच नसतं.

गिरजाबाई त्या भांडणात नव्हती. खिडकीखाली बसलेली, काटकुळी, तुझ्याहून वयानं मोठी. सगळं शांत झाल्यावर ती उठली, सरळ तुझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुमी कोन्या बराकीत होत्या?"

"मी नाही होती बाई कोन्याच. ते नाटक होतं."

तिचा चेहरा पडला. फसवणूक झाल्यासारखी ती तुझ्या काळ्या केसांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले वाटलं आपल्यातली कोनी सुटली अन् बाहेर राहून राह्यली."

आठवड्यानं तुझा फोन आला. त्या बाईला भेटायला जायचं तर काय करावं लागते, विचार. मी विचारून सांगितलं. गिरजाबाईनं आत तुझं नाव दिलं, तुरुंगाच्या साहेबांनी मान्य केलं, आणि तू एका आड एक बुधवारी अकोल्याहून अमरावतीला यायला लागलीस. येताना तिच्यासाठी काही आणायची परवानगी नसायची. तू रिकाम्या हातानं यायचीस आणि त्याचीच तुला लाज वाटायची.

मी एकदा सोबत आले होते. आठवतं? जाळीच्या दोन्ही बाजूंना माणसं, सगळे एकदम ओरडून बोलत होते, कोणाचं कोणाला ऐकू जात नव्हतं. बाळाला उंच धरून दाखवणारी एक सून, वकिलाचं नाव पुन्हा पुन्हा सांगणारा एक भाऊ. गिरजाबाईनं विचारलं, अकोल्याहून परतवाड्याची गाडी अजून त्याच रस्त्यानं जाते का? आणि तू घसा खाकरलास.

"अकोला-परतवाडा गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे," तू म्हणालीस. खिडकीतल्या आवाजात. "अकोट, अंजनगाव, पथ्रोटमार्गे परतवाडा..."

आजूबाजूचे सगळे गप्प झाले. भोंगा नसताना तुझा आवाज त्या खोलीच्या टोकापर्यंत गेला. जाळीमागे एक पोरगी नुसती तोंड उघडं ठेवून बघत राहिली. पथ्रोटचं नाव आलं आणि गिरजाबाईनं हात वर केला, कंडक्टरला करतात तसा.

"थांब. मी इथं उतरतो. माहेर आहे माहं."

तू थांबलीस. ती डोळे मिटून थोडा वेळ तशीच उभी राहिली. नंतर म्हणाली, "आता जाऊ दे."

बाहेर आल्यावर आपण रसवंतीवर बसलो आणि मी न राहवून विचारलं, "तिनं काय केलंय, ते तुला माहीत आहे का?"

"नाही."

"विचारलं नाहीस?"

"मी तिले गाडी सांगाले जातो. निकाल द्याले नाही जात."

"आणि कोणाचा जीव घेतला असेल तर? त्याच्या घरचेही कुठंतरी असेच एकटे बसले असतील, ताई. त्यांना कोण गाडी सांगतं?"

ग्लासातला बर्फ हलवत बसलीस. मला वाटलं, मी जिंकले. मग म्हणालीस, "बरोबर बोलली. त्याइच्याकडे कोनी तरी जाले पायजे. तू जा."

मी गेले नाही. कोण ते, कुठले, हे मला आजही माहीत नाही. पण तुझ्या त्या वाक्याचं उत्तर मला सुचलेलं नाही, आणि आता ते ऐकायला तू नाहीस. लोक तुला दयाळू म्हणायचे तेव्हा तू चिडायचीस. पुण्यानुमोदनाच्या आदरांजली सभेतही एका गृहस्थांनी भाषणात तुला 'करुणेची मूर्ती' म्हटलं. मला वाटलं, आता कुठून तरी तुझा आवाज येणार, की प्रवाशांनी खाली बसून घ्यावं.

मला तू एकदाच खरं कारण सांगितलंस, तेही फोनवर, दुसरंच काही बोलता बोलता. "माह्या घरात आवाज नाही राह्यला वं. जिंदगीभर हजारो लोकाइले सांगितलं, गाडी लागली, गाडी सुटली. आता कोनाले सांगू? गिरजा ऐकते. मले बरं वाटते म्हनून जातो. उगाच मोठं नको करू."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं की अकोला काही लांब नाही, मी येत जाईन. म्हटलं नाही. कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या, मी म्हटलं, नंतर बोलू. हा काही मोठा अपराध नाही, ताई, तूही मला त्यावरून बोलली नसतीस. फक्त ते वाक्य माझ्याजवळ तसंच पडून आहे.

अकोल्याहून परत आल्यावर मी जुनी हार्ड डिस्क काढली. तुझा आवाज ऐकायचा होता. आणि मग लक्षात आलं की अख्ख्या सिनेमात तू बोलतच नाहीस! मी शेवटी तो न वापरलेला शॉट लावला. पोरगी गुडघ्यांत डोकं घालून बसली आहे. तू तिच्याकडे बघत नाहीस. चादरीची घडी नीट करतेस, आणि सरकतेस. बस. पोरगी येऊन बसते. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत राहता. मी 'कट' म्हणायला विसरले होते वाटतं, कारण कॅमेरा चालूच आहे. बऱ्याच वेळानं तू माझ्याकडे वळून विचारतेस, "झालं का? घाम पुसू का आता?"

एवढंच आहे माझ्याकडे. मी ते किती वेळा ऐकलं, ते सांगत नाही. कुठला शेवट खरा, हे मला अजून ठरवता येत नाही. तुझा बघितला की तुझा पटतो. मग तुरुंगातल्या त्या दुसऱ्या बाईचं बोलणं आठवतं.

बुधवारी मी तुरुंगात गेले. साहेबांना आधी फोन करून सगळं सांगितलं होतं, त्यांनी भेटू दिलं. दारावरच्या शिपाईबाईंनी मला ओळखलं. "शकूताई नाही आल्या?" मी सांगितलं. त्या दोन पावलं मागं सरकून भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "तिला बसवून सांगा. उभ्यानं सांगू नका."

पण जाळीपाशी बसायला जागाच नसते.

गिरजाबाई आली. केस चापून विंचरलेले, पदर नीट. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"तू तं ते पिक्चरवाली. शकू मांगून येऊन राह्यली का?"

"नाही, मावशी."

"बिमार आहे?"

बसमध्ये मी चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही. "गेली ती, मावशी," मी म्हटलं. "सकाळी, झोपेतच."

तिनं जाळीत बोटं अडकवली. शेजारी कोणीतरी मोठमोठ्यानं जामिनाचं बोलत होतं. गिरजाबाई रडली नाही. तिनं विचारलं, "जवळ कोन होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "कोणी नव्हतं. एकटीच होती."

"मंग समजलं कसं?"

"शेजारच्या बाईनं हाक मारली. रोज पाणी भरताना तिच्याशी बोलायची ती. उत्तर आलं नाही म्हणून दार उघडलं."

"लवकर समजलं?"

"हो. लवकर."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "बरं झालं," ती म्हणाली. "आमाले इथं तेच भेव असते. मरनाचं नाही. कोनी आवाज देईन का, अन् आपन नाही बोललो तं कोनाच्या ध्यानात येईन का, त्याचं." मग माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, "तू रडली का?"

"रडले."

"पोटभर?"

जाळीच्या या बाजूला, त्या सगळ्या आरडाओरड्यात, मी तेव्हाच रडायला लागले. तुझ्या अंगणात आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. गिरजाबाईला हात बाहेर काढता येत नव्हता आणि मला आत घालता येत नव्हता. ती फक्त थांबली, माझं होईपर्यंत. तिच्या भेटीची वेळ माझ्या रडण्यात जात होती, आणि तिनं ती जाऊ दिली.

डोळे पुसून मी म्हटलं, "मावशी, मी येत जाईन. तिच्या जागी."

तिच्या कपाळावर आठी पडली. "तिच्या जागी कायले?"

"म्हणजे... तुम्हाला कोणी येत नाही, म्हणून..."

"ते जागा तिची आहे. ते तशीच राहू दे." आवाज चढला नव्हता. लेकराला समजावावं तसं सावकाश बोलत होती ती. "तिच्या बदल्यात येऊ नको पोरी. तू इथं उभी राहशीन, अन् मी तुह्यात तिले पायत बसन. मंग ना तिची भेट होईन, ना तुही. तुले यावं वाटलं तं तू ये. आपलं काही सांगाले ये."

"मला काय सांगता येईल, मावशी? तिच्यासारखं मला काही..."

"मले का माईत? घरी जाऊन पाय."

शिपाईबाईंनी वेळ झाल्याची खूण केली. गिरजाबाई वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. "नाव काय तुहं? इतक्या दिवसाइत कोनी सांगितलंच नाही."

"वैशाली."

"वैशाली," ती म्हणाली. "मी देतो मंग नाव."

घरी येऊन चार दिवस झाले. शकूताई, मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगून पोट भरते. माझं स्वतःचं काय आहे सांगण्यासारखं, हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं, तूसुद्धा नाही. मी घरात फिरून बघते आहे. कॉलेजचं राजकारण तिला काय सांगायचं? आईशी झालेली कुरबुर? ती कदाचित आवडेल.

आज सकाळी कसलासा बारीक आवाज आला म्हणून गॅलरीत गेले. उन्हाळा संपल्यापासून कूलर तिथंच पडून आहे. त्याच्या गवतात एका भटक्या मांजरीनं पिल्लं घातली आहेत, आणि मला बघून ती अशी फिस्कारली की मीच घरात पळाले. पिल्लांचे डोळे अजून मिटलेले आहेत. पुढच्या भेटीपर्यंत उघडतील. ते सांगायला मी जाणार आहे.